१८० च्या जागी १९० बसेल का, दादा?

नमस्कार मंडळी! आजचा विषय माझा नाही, तुमचा आहे. मागे चेन साफ करायचा व्हिडिओ टाकला होता, आठवतोय? त्याच्याखाली चेनबद्दल चार प्रश्न आले, आणि बाकी सगळे टायरबद्दल. एकाने तर लिहिलं, "चेन दिसली, आता कॅमेरा जरा मागच्या टायरवर न्या." नेतो बाबा. आज तेच करतो.

आणि त्या टायरवाल्या प्रश्नांत एक प्रश्न असा आहे की मी तो स्वप्नातही वाचतो. "दादा, माझ्या बाइकला मागे १८० आहे, १९० बसेल का?"

बसेल. संपला व्हिडिओ. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी जायला हरकत नाही. बाकीच्यांनी थांबा, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

आधी टायरवरचं वाचन, एका दमात. (टायर कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा, १२०/७० झेडआर १७ पुढचा, १८०/५५ झेडआर १७ मागचा. १८० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ५५ टक्के. हे टक्के डोक्यात ठेवा, पुढे भांडण त्यांच्यावरूनच आहे. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास, इंचात. त्यापुढे ७३ लिहिलंय, तो वजनाचा कोड, ७३ म्हणजे ३६५ किलो. शेवटी डब्ल्यू, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. आणि हा डब्ल्यू कंसात छापला असेल तर २७० च्याही वर. "मी कुठे २७० ने चालवतो" असं म्हणून खालच्या रेटिंगचा टायर घालू नका. तो कोड नुसत्या वेगाचा नाही, टायर किती उष्णता सोसेल त्याचाही आहे. बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेचा. आणि चार आकडी शिक्का असतो, २३१९ असा. म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. संपलं वाचन.

त्या शिक्क्यावरून आठवलं. एका प्रेक्षकाने फोटो पाठवला होता, टायर आठ वर्षांचा, खाच नवीकोरी, केस उभे आहेत टायरवर. "दादा, वापरलेलाच नाही, घालू का?" अरे, वापरला नाही हीच तर अडचण आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं. नखाने दाबून बघ म्हटलं, तर उत्तर आलं, "नख वाकलं." मग तूच ठरव.

बरं, आता १९०.

माझी पहिली मोठी बाइक, सहाशे सीसी, चार सिलिंडर. मागे १८०/५५. टायर संपला, आणि मला वाटलं हीच संधी आहे. मागून बघताना लिटर क्लासच्या, म्हणजे हजार सीसीच्या बाइक कशा भरलेल्या दिसतात, आणि आपली कशी जरा बारीक कमरेची. १९०/५० घातला. पार्किंगमध्ये लावली, चार पावलं मागे गेलो, फोटो काढला. तो फोटो अजून आहे, आणि खरं सांगतो, त्या टायरचा सगळा उपयोग त्या फोटोतच झाला.

का ते सांगतो. टायरचा आकार टायर एकटा ठरवत नाही, रिम ठरवते. ही गोष्ट एवढी साधी आहे, आणि तुम्ही मला विचारताना बाइकचं नाव सांगता, रंग सांगता, एक्झॉस्ट कोणता लावलाय तेही सांगता. रिमची रुंदी आजवर एकानेही सांगितलेली नाही. एकानेही! रिमवरच लिहिलेली असते ती. हे बघा, १७, पुढे एमटी ५.५०. म्हणजे साडेपाच इंच. १८० चा टायर साडेपाच इंचाच्या रिमसाठी आहे, १९० चा सहा इंचाच्या. साडेपाचवर १९० चढतो, कंपन्यांच्या तक्त्यातही बहुतेक वेळा तशी परवानगी असते. म्हणून तर म्हटलं, बसेल. पण दोन्ही काठ आत ओढले गेल्यावर मधलं रबर वर येतं. रुंद कढईचे कान धरून आत दाबल्यासारखं. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची रुंदीही साधारण पाच मिलिमीटरने कमी होते. म्हणजे १९० आणला आणि मिळाला १८५. टायर बनवणाऱ्या माणसांनी जो गोलवा आखून दिला होता, तो मी बिघडवून घरी आणला.

बाइक वाकवायला गेलो की आधी हं-हं करायची, आणि मग एकदम पडायची. हँडलला हात लावल्यावर काय होणार याचा अंदाजच येईना. मी महिनाभर सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. त्याच्या स्क्रूचे क्लिक मोजतोय, स्प्रिंग बदलू का विचारतोय. टायर मीच बदललाय हे डोक्यातच येत नव्हतं, कारण टायर तर "अपग्रेड" होता ना!

आता दुसऱ्या बाजूने बघा, समजा रिम सहा इंचाची मिळाली. तरीसुद्धा. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त चिकटलेलं रबर. रस्त्याला टेकलेला तुकडा किती मोठा असेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात, वर वजन किती आणि आत हवा किती. वजन तेच, हवा तीच, तर तुकडाही जवळपास तेवढाच राहणार, तळहाताएवढा. रुंद टायरमध्ये तो आडवा होतो आणि लांबीला आखडतो, एवढाच फरक. आणि बाइक वाकली की हा तुकडा मधल्या रेषेपासून बाजूला सरकतो. टायर जितका रुंद तितका जास्त सरकतो. तो असा सरकला की त्याच वळणाला, त्याच वेगाला, बाइक थोडी जास्त वाकवावी लागते. परत सांगतो, कारण हे वाक्य लोक व्हिडिओ थांबवून पुन्हा ऐकतात: रुंद टायर घातला तर तोच कॉर्नर घ्यायला तुम्हाला जास्त वाकावं लागतं. ग्रिप वाढवायला गेलात आणि काम वाढवून आलात.

"मग लिटर बाइकला १९० आणि २०० का असतात?" बरोबर विचारलंत. कारण तिथे दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर वाकलेल्या बाइकवरून रस्त्यावर ओतायची असते. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की कडेला भरपूर रबर लागतं, आणि ती उष्णता पचवायला टायरही तसा लागतो. त्या टायरसाठी सहा इंची रिम, तशी भूमिती, तसं सस्पेन्शन, सगळं मिळून आखलेलं असतं. तुमच्या बाइकचं तसंच १८० साठी आखलेलं आहे. बाइक बनवणाऱ्यांना १९० परवडला नाही म्हणून त्यांनी १८० दिला, असं नाही हो!

आणि तिसरी बाजू, जिच्याबद्दल आता नव्या बाइकवाल्यांनी कान उघडे ठेवायचे. चाकाचा घेर. इथे ते टक्के येतात. १९० च्या ५० टक्के म्हणजे ९५ मिलिमीटर. १९० च्या ५५ टक्के, १०४.५. एकाच रुंदीचे दोन टायर, उंचीत साडेनऊ मिलिमीटरचा फरक. घेरात तो साधारण तीन टक्के होतो. तुमच्या ट्रॅक्शन कंट्रोलला, म्हणजे मागचं चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्या वेगाची तुलना करायची असते. तुम्ही मागचा घेर बदललात, त्याला कोणी सांगितलं? काही बाइकमध्ये मेनूत जाऊन टायर नव्याने कॅलिब्रेट करता येतो, ज्यात नाही त्यात तो बिचारा जुन्या हिशेबाने चालणार. शिवाय उंच टायर हगरला, म्हणजे मागच्या चाकाला चिकटून असलेल्या छोट्या मडगार्डला, घासेल का, चेनच्या बाजूला बोटभर तरी जागा राहते का, हे वेगळंच. माझ्या त्या १९० ने चेनच्या बाजूने आपली भिंत घासून घेतलेली मी नंतर पाहिली. काळी चकचकीत रेघ.

आता कमेंट येणार मला माहिती आहे. "दादा, तुम्हीच त्या लिटर बाइकच्या व्हिडिओत ५० काढून ५५ घातला होता." हो, घातला होता! रिम सहा इंचाची होती, रुंदी तीच ठेवली, फक्त उंची वाढवली. उंच टायरचा माथा जरा निमुळता असतो, वाकल्यावर कडेला जास्त रबर मिळतं, आणि मागून बाइक थोडी उचलली गेल्याने वळायलाही चपळ होते. ५० वर आलेल्या बऱ्याच बाइकवर लोक हे करतात, आणि समजून करतात. पण मी आधी जागा मोजली, मग टायर आणला. सहाशेच्या वेळी उलटं केलं होतं.

साइज झाली. साइज मॅन्युअलमधली, विषय बंद. आता कोणत्या जातीचा घ्यायचा.

इथे मी पटकन जातो. एका टोकाला स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे मिशलँ रोड, पिरेली एंजल जीटी, ब्रिजस्टोनची टी मालिका. मधे हायपरस्पोर्ट, म्हणजे डायब्लो रोसो, ब्रिजस्टोनची एस मालिका, काँटिनेंटल स्पोर्टअटॅक. दुसऱ्या टोकाला ट्रॅकचे पण रस्त्यावर चालणारे, सुपरकोर्सा वगैरे. पहिले लवकर गरम होतात, पावसात रबरातल्या सिलिकामुळे धरून ठेवतात, आणि बरेच टिकतात. शेवटचे गरम झाल्यावर जादू करतात. "गरम झाल्यावर" हे दोन शब्द जाहिरातीत बारीक छापतात.

मी एक सीझन ट्रॅकवाले टायर घालून रस्त्यावर फिरलो. सकाळी निघायचो, पहिले दहा किलोमीटर असं वाटायचं की टायरच्या जागी लाकडी चाकं आहेत. एका सिग्नलवर हिरवा झाला, डावीकडे वळलो, साधं वळण, पहिल्या गिअरमध्ये, आणि मागचं चाक अलगद बाजूला सरकलं. पडलो नाही. मागच्या स्कूटरवरचे आजोबा मात्र म्हणाले, "जरा हवा बघून घे रे." हवा बरोबर होती. टायर थंड होता, आणि मी त्याला गरम करू शकेन असा वेग त्या रस्त्यावर शक्यच नव्हता. रेसमध्ये टायरला आधीच ब्लँकेट गुंडाळून तापवतात, ते काय थंडी वाजते म्हणून? त्यानंतर रस्त्यासाठी मी हायपरस्पोर्टच्या पुढे गेलो नाही. रोज ऑफिसला नेत असाल, पाऊस, लांबचा प्रवास असेल तर सरळ स्पोर्ट-टूरिंग घ्या. आजचे स्पोर्ट-टूरिंग टायर तुमच्या-माझ्या हाताला पुरून उरतात.

आणि इथे त्या चिकन स्ट्रिप्सचा विषय येतोच. टायरच्या कडेला न घासलेली पट्टी राहिली की तुम्ही म्हणे भित्रे. एकाने सॅंडपेपरने घासली होती! फोटो पाठवला मला, अभिमानाने. अरे, सार्वजनिक रस्त्यावर कडेपर्यंत वाकून तू काय सिद्ध केलंस? उलट माझ्या मागच्या टायरवर मी मधोमध बघतो. हायवेने मधला पट्टा चपटा झाला की टायर चौकोनी होतो, आणि मग वाकवताना तो त्या कंगोऱ्यावर अडतो. खाच शिल्लक असली तरी तो टायर संपला. म्हणूनच बऱ्याच मागच्या टायरला मधे कडक रबर आणि कडांना मऊ देतात.

पुढचा टायर साधारण मागच्याच्या निम्म्या गतीने झिजतो. तर दोन्ही बदलायचे का? त्याच मॉडेलचा मागचा मिळत असेल आणि पुढच्यात दम असेल तर एकटा मागचा बदला. मॉडेल बदलत असाल तर जोडी बदला. पुढे एकाचा, मागे दुसऱ्याचा, अशी खिचडी मी करत नाही. तुम्ही केलीत आणि बरी चालली तर मला सांगू नका.

हवा. थंड टायरवर मोजायची, म्हणजे चालवायच्या आधी, पेट्रोल पंपापर्यंत तासभर पळवून नव्हे. बऱ्याच मोठ्या बाइकना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय असते, पण तुमच्या स्विंगआर्मवरचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा, स्टिकर वाचा. ट्रॅकवर कमी करतात ते ऐकून रस्त्यावर कमी करू नका. तिथे टायर एवढा तापतो की हवा आपोआप चढते, म्हणून ते खालून सुरुवात करतात.

आणि नवा टायर घातलात की पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून. साच्यातून आलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो खरखरीत व्हावा लागतो. सरळ चालवा, मग हळूहळू थोडं-थोडं जास्त वाकवा. टायरच्या दुकानातून बाहेर पडताना पहिल्याच वळणावर पडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांतल्या एकाच्या अंगावर नवं जॅकेटही होतं.

चला. खाली कमेंटमध्ये तुमची बाइक, किती चालवता, पावसात चालवता का, हे लिहा, मी बसून उत्तरं देणार आहे. फक्त एक अट. आधी मागच्या चाकाशी उकिडवं बसा, रिमवरचा आकडा वाचा, आणि तो कमेंटमध्ये पहिला लिहा. आकडा नसेल तर "बसेल का" ला मी उत्तर देणार नाही. आणि आकडा ५.५० असेल, तर उत्तर तुम्हाला माहिती आहे.