नकाशावरचं अंतर आणि तिकिटावरची वेळ

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दिल्ली आकाशमार्गे सुमारे १,४३० किलोमीटर. जेट विमान ३५,००० फुटांवर ताशी ८३० च्या आसपास जातं. भागाकार केला तर पावणेदोन तास होतात, पण वेळापत्रकात अडीचच्या आसपास दिसतात. मधला पाऊण तास गेला कुठं? तिकिटावरची वेळ चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतची असते. विमान मागं ढकलणं, धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढताना-उतरतानाचा कमी वेग, दिल्लीत उतरायला लागलेली रांग, हे सगळं त्यात येतं. शिवाय उशिराचा ठपका नको म्हणून कंपन्या थोडी वेळ राखूनही ठेवतात.

लांबच्या प्रवासात नकाशाच फसवतो. बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को भिंतीवरच्या नकाशावर पॅसिफिक ओलांडून सरळ वाटतं. गोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेला चढून ध्रुवाजवळून जातो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे १६० अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध बाजूंना आहेत. हे अंतर साधारण १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आलं, तेव्हा सुमारे १७ तास लागले.

आता वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरू. वारा नसेल तर आठ तास. समोरून ८० चा वारा असेल तर जाताना आठ तास ४७ मिनिटं, येताना तोच पाठीशी आला तर सात तास २१ मिनिटं. बेरीज करा: १६ तास ८ मिनिटं. जाताना गमावलं ते येताना पुरतं भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. त्यात हवाई हद्द बंद असली की वळसा आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडं जाणाऱ्या उड्डाणांना तो पडला.

तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. मुंबईहून रात्री २ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोचलात, तर हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा: साडेदहा तास. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढं असतात, म्हणून साडेचारच मिळवायचे.

बेळगावकरांची खरी अडचण जोडउड्डाणाची. दोन वेगळी तिकिटं काढली, की मुंबईत बॅग स्वतः उचलून पुन्हा जमा करावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढच्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही. पावसाळ्यात ढग उतरले की सांबऱ्याची उड्डाणं लांबतात, तेव्हा मधे दोन तास ठेवून भागणार नाही, पाच-सहा ठेवा. एकाच तिकिटात दोन्ही टप्पे मिळत असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.