धाप, ठोके आणि मर्क्सचा एक तास

नमस्कार मंडळी. चढावर जीव खाऊन सायकल मारायची तर हृदयाचे ठोके मिनिटाला किती जाऊ द्यायचे, हा प्रश्न सारखा येतो. जास्तीत जास्त ठोक्यांचं २२० वजा वय हे सूत्र तुम्हाला पाठ असेलच, साठीच्या माणसाला १६०. दुसरं एक सूत्र आहे, वयाला ०.७ नं गुणायचं आणि ते २०८ मधून वजा करायचं, त्याच माणसाला १६६ येतात. आणि खरा आकडा दोन्हीपेक्षा दहा-बारानं वरखाली निघू शकतो, त्यामुळे ठोके मोजणाऱ्या घड्याळात लाल दिसलं की लगेच घाबरू नका आणि हिरवं दिसलं म्हणून दामटूही नका.

आता माझी आवडती गोष्ट, अनेकदा सांगितलीय, तरी ऐका. २५ ऑक्टोबर १९७२, मेक्सिको सिटी. बेल्जियमचा एडी मर्क्स, एका तासात सायकलवर किती अंतर जातं त्याचा विश्वविक्रम करायला ट्रॅकवर उतरला. शहर सव्वादोन हजार मीटर उंचावर, हवा विरळ, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी, पण छातीत जाणारा ऑक्सिजनही कमी! म्हणून पठ्ठ्यानं आधी घरीच तोंडाला मास्क लावून, कमी ऑक्सिजनची हवा घेत सायकल मारली होती. आणि सुटला कसा, तर पहिले १० किलोमीटर बारा मिनिटांच्या आत, म्हणजे ताशी पन्नासच्या वर, विरळ हवेत, अहो हा वेडेपणाच. मग मधे वेग उतरला, उतरणारच, शेवटी दात-ओठ खात तास पूर्ण केला, ४९.४३१ किलोमीटर. आधीचा विक्रम ४८.६५३ चा होता. सायकलवरून उतरल्यावर अवस्था बघण्यासारखी होती, परत तो या विक्रमाच्या वाटेला गेलाच नाही. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरनं त्याच शहरात ५१ च्या वर नेला, तोवर ठोके मोजून ट्रेनिंग करायचे दिवस आले होते. (मोझरची सायकल मात्र चकती-चाकांची, म्हणजे आऱ्यांऐवजी भरीव चकत्या, मर्क्सची साधी. मला साधीच आवडते, आज लोक दोन लाखांची सायकल घेतात आणि टायरमधली हवा बघत नाहीत.)

तर मुद्दा. मर्क्ससारखं सुरुवातीलाच दामटलंत तरी ठोके मागून येतात, धाप आधी सांगते. तीस सेकंदांचा इंटरव्हल, म्हणजे जोराचा छोटा तुकडा, मारलात तर ठोके वर पोचेपर्यंत इंटरव्हल संपलेला असतो. परत सांगतो, ठोके मागून येतात. म्हणून बोलून बघा. अख्खं वाक्य आलं तर आरामात चाललंय, तीन-चार शब्दांवर तुटलं तर जोर लागलाय, एकच शब्द निघाला तर हे फार मिनिटं टिकणार नाही. धाप लागते ती बहुतेक कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला. बसल्या जागी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा लागते, जोरात मारताना शंभरच्या वर. निरोगी माणसाची फुफ्फुसं तेवढं बहुधा निभावतात, आधी कमी पडतं ते हृदयाचं पंपिंग.

उन्हात तोच चढ, तोच वेग, तरी ठोके वाढत जातात, त्याला घाबरू नका, पाणी प्या. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र तिथंच थांबायचं, ग्रुप पुढं गेला तर जाऊ दे. आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर काही गोळ्या ठोके वर जाऊच देत नाहीत, मग कुठलंच सूत्र लागू होत नाही, तेव्हा जोराचं ट्रेनिंग सुरू करण्याआधी गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.