प्लगिन अपडेट केलं, पण आत शिरलेल्याचं काय?

मंडळी, वसईला किंवा गोव्याला कुणी डिसोझा ओळखीचे असतील, तर ऑनलाइन फॉर्म भरताना काय काय होतं ते त्यांना एकदा विचारा. इंग्रजीत त्यांचं आडनाव लिहिताना 'डी'नंतर वर एक छोटंसं शेपूट येतं, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. त्या शेपटापाशी काही वेबसाइट्स अडखळतात. पान पांढरं पडतं, नाहीतर काहीतरी अगम्य एरर येते.

असं का होतं? वेबसाइट डेटाबेसशी एसक्यूएल भाषेत बोलते, आणि नाव कुठे सुरू झालं, कुठे संपलं हे दाखवायला त्या भाषेत तेच चिन्ह वापरतात. डेटाबेसला वाटतं, नाव 'डी'वरच संपलं आणि पुढचं 'सोझा' हा हुकूम आहे. असला हुकूम त्याने कधी ऐकलेला नसतो, म्हणून तो अडून बसतो. डिसोझांचा बिचाऱ्यांचा काही हेतू नव्हता. पण कुणी मुद्दाम शेपटापुढे खराखुरा हुकूम लिहिला तर? 'युजर्सचं सगळं टेबल दाखव' असा? साइट कच्ची असेल तर डेटाबेस तो निमूट पाळतो. हेच एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ पासून जाहीरपणे माहीत असलेला प्रकार आहे हा. उपायही जुनाच: हुकूम आणि माहिती एकमेकांत मिसळू द्यायची नाही. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ज्यावर असंख्य वेबसाइट्स चालतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यासाठी 'प्रिपेअर' नावाचं फंक्शन तयार बसलंय. तरी कुठलं ना कुठलं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा तुकडा, यातच सापडत राहतं.

आज त्यातलं एकच घेऊ. मार्च २०२४, 'डब्ल्यूपी ऑटोमॅटिक'. दुसरीकडचा मजकूर आपोआप खेचून तुमच्या साइटवर टाकणारं, विकत मिळणारं प्लगिन. १३ मार्चला पॅचस्टॅक या सिक्युरिटी कंपनीने त्यातलं भोक जाहीर केलं. गंभीरता १० पैकी ९.९. इथे शेपूटबिपूट काही लागतच नव्हतं. प्लगिनमधल्या 'सीएसव्ही' नावाच्या फाईलला बाहेरून अख्खी क्वेरीच, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूमच, पाठवता येत होती. तपासणी होती, नाही असं नाही, पण लॉगिन न करताही ती चुकवता यायची. म्हणजे सोसायटीला वॉचमन आहे, 'कोण?' असं विचारतोही, पण समोरून नुसतं खाकरलं तरी आत सोडतो.

दुरुस्ती ३.९२.१ या आवृत्तीत आली होती. तरी एप्रिल संपेपर्यंत वर्डप्रेसमधली भोकं शोधणाऱ्या डब्ल्यूपीस्कॅनने हल्ल्याचे ५५ लाखांहून जास्त प्रयत्न मोजले.

आता मुद्द्यावर येतो. "दादा, अपडेट मारलं, सुटलो," असं म्हणणारे खूप भेटतात. अपडेटने दार लागतं, कबूल. पण दार लागलं तेव्हा चोर घरात होता की बाहेर, ते अपडेटला काय माहीत? या हल्ल्यात हॅकर आधी एक नवा अ‍ॅडमिन तयार करायचे, नाव 'एक्सटीडब्ल्यू'ने सुरू होणारं. त्या अ‍ॅडमिनने आत येऊन चोरवाटा करून ठेवायच्या. आणि सगळ्यात बेरकीपणा म्हणजे ज्या फाईलमधून शिरले, तिचंच नाव बदलायचं. मागून येणाऱ्या दुसऱ्या हॅकरला ती सापडू नये आणि मालकाने जुन्या नावाने शोधली तर त्यालाही दिसू नये. भोक मात्र जागच्या जागी!

इथे एक बारीक गोष्ट बघा. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमधून अपडेट केलं की प्लगिनचं जुनं फोल्डर आख्खं जातं आणि नवं येतं. पण तुम्ही एफटीपीने, म्हणजे थेट सर्व्हरवर चढवून, नव्या फायली जुन्यांवर टाकल्यात, तर नाव बदललेली ती फाईल तशीच राहते. तुम्ही खूश, हॅकरही खूश. म्हणून आधी फोल्डर काढा, मग नवं टाका. आणि प्लगिन नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट करून भागत नाही, फायली सर्व्हरवर पडूनच असतात.

(टेलिग्रामवरून फुकटात उतरवलेली 'प्रीमियम' प्लगिन्स वापरणाऱ्यांना अपडेट कुठून येणार, हा प्रश्न मी विचारत नाही. तुम्हीच स्वतःला विचारा.)

मग करायचं काय? घाबरून काहीही डिलीट करायच्या आधी सगळ्याची एक प्रत काढा: फायली, डेटाबेस, लॉग (साइटवर कोण कधी आलं त्याची नोंद). नंतर कुणी अभ्यासू माणूस बघायला आला तर त्याला हेच लागेल. त्यानंतर अपडेट. मग युजर्सची यादी बघा, पण डॅशबोर्डवरची नाही, थेट डेटाबेसमधलं युजर्सचं टेबल उघडून. चोरवाट नीट बनवलेली असेल तर तो पाहुणा डॅशबोर्डवर दिसणारच नाही. 'अपलोड्स' फोल्डरमध्ये फोटो, पीडीएफ असायला हवेत. तिथे पीएचपी फाईल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, दिसली तर संशय घ्या.

पासवर्ड बदलताना लोक एक बदलतात आणि चहा प्यायला जातात. डेटाबेस वाचला गेला असेल तर त्यातलं सगळंच गेलं असं धरा. पेमेंट गेटवेच्या किल्ल्या, मेल पाठवणाऱ्या सेवेचा पासवर्ड, हे बऱ्याचदा तिथे उघड्या अक्षरांत असतं. डेटाबेसचा आणि होस्टिंगचा पासवर्डही बदला. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमधल्या 'सॉल्ट' किल्ल्या बदलल्या की लॉगिन असलेले सगळे एका फटक्यात बाहेर पडतात. त्यात हॅकरही.

बॅकअप आहे म्हणून निर्धास्त असाल तर तारीख बघा. हल्ला मार्चअखेरचा आणि बॅकअप एप्रिलचा असेल, तर तुम्ही चोरासकट घर परत आणताय.

ग्राहकांची माहिती साइटवर होती? मग त्यांना कळवा, आडवळणाने नको. आणि भारतात धंदा असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायलाही सांगितलंय. साध्या शेअर्ड होस्टिंगवर इतके लॉग आपसूक राहतील असं समजू नका. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) वापरत असाल तर 'रॉ अ‍ॅक्सेस' उघडा. लॉग साठवायची खूण आहे का बघा, आणि त्याखालची, गेल्या महिन्याचे लॉग काढून टाकायची खूण असेल तर ती काढा. व्हिडिओ थांबवून आत्ताच करा, मी आहे इथेच.