स्वाइन फ्लू नवा होता तेव्हा

[जुनं चित्रीकरण : पुण्यातले रस्ते, ऑगस्ट २००९]

स्कार्फ बांधून दुचाकीवर जाणाऱ्या मुली पुण्याला नव्या नव्हत्या. पण त्या महिन्यात बसचा कंडक्टर, मंडईतली भाजीवाली, चौकातला हवालदार, सगळ्यांचीच तोंडं झाकली गेली. मास्क संपले, मग हातरुमाल आले. रुमालात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी. त्याने विषाणूचं काही बिघडत नव्हतं, पण खिशात काहीतरी आहे एवढा धीर माणसाला लागतोच.

३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. देशातला स्वाइन फ्लूचा हा पहिला बळी. आठवडाभरात शाळा, कॉलेजं, थिएटरं बंद झाली.

[नायडू रुग्णालयासमोरची रांग]

ही रांग नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेरची. यातल्या बहुतेकांना एकच विचारायचं होतं : हा साधा फ्लू आहे की तो?

डॉक्टर सांगत होते, घाबरू नका, बहुतेकांना हा साध्या फ्लूसारखाच होऊन जातो. ते खरंच होतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनलाच जागतिक साथ जाहीर केली होती, आणि तेही बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे तेव्हा रांगेतल्या माणसाला कुणी नीट उलगडून सांगितलं नाही.

[ॲनिमेशन : विषाणूचे आठ तुकडे]

फ्लूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच डुकराच्या अंगात दोन वेगळे फ्लू शिरले, की पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात. २००९ च्या विषाणूत सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमध्ये फिरणाऱ्या वाणाचे होते. त्यांतच मागे कधीतरी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूचे अंश मिसळलेले. उरलेले दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडून आलेले. हा डाव माणसाच्या शरीराने आधी पाहिलाच नव्हता.

म्हाताऱ्यांनी मात्र त्याच्यासारखा एक पाहिला होता. १९५७ च्या आधी फिरणाऱ्या फ्लूशी याचं थोडं नातं होतं, त्यामुळे साठी-पासष्टी ओलांडलेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात थोडीफार तयारी होती. दरवर्षीचा फ्लू मुख्यतः म्हाताऱ्यांना नेतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार या साथीत जगभर गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक पासष्टीच्या आतले होते.

[स्वॅब घेताना, जवळून]

आता ही काडी बघा. नाकातून आत जाते ती वरच्या दिशेने नाही, सरळ मागे, घशाच्या वरच्या भिंतीपर्यंत. डोळ्यांत पाणी येतंच. काडी खाचेवर मोडायची, कुपीत टाकायची, झाकण घट्ट. आतला द्रव गुलाबी असतो, विषाणूला प्रयोगशाळेपर्यंत टिकवून नेणारा. कुपीवर नाव, तारीख. कुपी एका पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बर्फाच्या पॅकांमध्ये. तापमान २ ते ८ अंश. सोबतचा कागद वेगळ्या पिशवीत, कारण कुपी फुटली तरी कागद वाचता आला पाहिजे.

[प्रयोगशाळा]

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचे असे डबे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात होते. १९५२ पासून पुण्यात असलेली ही संस्था त्या महिन्यात शहराला पहिल्यांदा नावानिशी कळली, असं म्हटलं तर फारसं चूक ठरू नये.

काचेच्या या कपाटात हवा आतल्या आत गाळली जाते. पहिलं काम विषाणू मारणं. एक रसायन त्याचं कवच फोडतं आणि आतला आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, सुटा होतो. तो या बारीक नळीतल्या सिलिकाच्या चकतीला चिकटतो, बाकीचं धुऊन जातं. तळाशी उरतो पाण्यासारखा दिसणारा थेंब.

मग ही ९६ खळग्यांची तबकडी. आरएनएचा डीएनए करायचा आणि तापवून-थंड करून तो दर फेरीला दुप्पट करायचा. अशा ४० फेऱ्या. एक खळगा ‘ए’ प्रकारातला कुठलाही फ्लू आहे का ते बघतो, दुसरा तो स्वाइन फ्लूच आहे का ते. आणखी एकात माणसाचंच जनुक शोधतात. तेच सापडलं नाही, तर बहुधा काडी नाकात नीट गेलीच नव्हती, नमुना पुन्हा घ्या.

पडद्यावरची ही रेघ बराच वेळ आडवी पडून राहते. मग उठते. लवकर उठली, तर विषाणू भरपूर.

[आकड्यांचा तक्ता]

ही तपासणी सगळ्यांची होत नाही. ऑगस्ट २००९ मध्येच केंद्राने रुग्णांचे ए, बी, सी असे गट पाडले. सौम्य ताप-खोकल्याच्या ए गटाची तपासणी नाही, जास्त ताप किंवा जास्त जोखीम असलेल्या बी गटाची नाही, सी गट म्हणजे दम लागलेला, तो रुग्णालयात आणि त्याचीच काडी. गर्दीच्या देशात हा शहाणपणाचाच निर्णय. पण मग आकड्यांचं काय होतं?

२०१५ साली देशात ४२,५९२ रुग्णांची नोंद झाली, २,९९० दगावले. भागाकार केला तर १०० मध्ये ७. हा विषाणूचा मृत्युदर नव्हे, तो सी गटाचा. घरी झोपून बरे झालेले लाखो लोक या हिशेबात नाहीतच. नव्या साथीत सुरुवातीला नेहमी हेच होतं. आधी रुग्णालयातले मोजले जातात, म्हणून आजार राक्षसासारखा दिसतो. मग घरातले मोजले की तो लहान होतो, आणि लोक म्हणतात, बघा, उगीच घाबरवलं.

२०२० मध्ये उलटं घडलं. नवा करोना विषाणू आला तेव्हा कितीतरी जण छातीठोकपणे म्हणाले, हा तर साधा फ्लू. त्या विषाणूपुढे तेव्हा कुणाच्याच शरीराची तयारी नव्हती, लस नव्हती, आणि तो फ्लूपेक्षा बराच जास्त पसरत होता. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं.

[पुन्हा २०१५ चा तक्ता]

या तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे. २००९ मध्ये देशात ९८१ मृत्यू नोंदले गेले. २०१५ चा आकडा त्याच्या तिप्पट. रस्त्यावर मात्र रुमाल नव्हते. जागतिक साथ संपल्याचं १० ऑगस्ट २०१० लाच जाहीर झालं होतं. स्वाइन फ्लू तोवर हंगामी फ्लू झाला होता, आणि आजही तो तोच आहे. दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत त्याचा वाटा असतो. हंगामी फ्लूच्या श्वसनविकाराने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ‘साधा’ म्हणतो तो हा.

[लसीकरण केंद्र, गरोदर बाई दंड पुढे करते]

पुण्यात फ्लू पावसाबरोबर वाढतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून ती मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला. गरोदर बायका, मधुमेही, दमेकरी, म्हातारी माणसं आणि दवाखान्यात काम करणारे यांनी आधी. ताप चढला आणि दम लागला, तर ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं बरं, रिपोर्टची वाट बघत बसू नये. किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.