गुडघ्यातली गादी, सूक्ष्मदर्शकाखाली

श्रोतेहो, नमस्कार. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’, ‘गादी झिजली’ ही वाक्यं घराघरांत ऐकू येतात. वंगण आणि गादी मात्र दोन वेगळ्या गोष्टी. वंगण म्हणजे सांध्यातला चिकट द्रव. गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा, जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीची. आज बोलायचंय ते तिच्याबद्दल.

तिचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की आधी दिसते ती मोकळी जागा. पेशी अगदी तुरळक, प्रत्येक आपल्या छोट्याशा खोलीत. पृष्ठभागाजवळ त्या चपट्या, आडव्या पसरलेल्या. मधे गोलसर, विखुरलेल्या. आणि खोलवर एकीवर एक, अगदी उतरंडीसारख्या रचलेल्या. त्याखाली एक बारीक रेघ, आणि रेघेपलीकडे चुना साठलेली कडक कूर्चा, मग हाड. रक्तवाहिनी शोधाल तर सापडणार नाही. मज्जातंतूही नाही. म्हणूनच झीज सुरू होते तेव्हा कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं.

ती मोकळी दिसणारी जागा खरं तर गच्च भरलेली असते. कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तिथे आहेत, पण प्रकाश त्यांच्यातून आणि भोवतालच्या द्रव्यातून सारखाच वळतो, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत. या धाग्यांच्या जाळ्यात अ‍ॅग्रेकन नावाचे भलेमोठे रेणू अडकलेले असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाणी ओढून धरतात. कूर्चेच्या वजनाचा बहुतांश भाग पाणीच. पाण्यानं ती फुगू पाहते, जाळं तिला आवरून धरतं, आणि या ओढाताणीतूनच वजन पेलण्याची ताकद येते. पाऊल टाकलं की थोडं पाणी बाहेर पडतं, उचललं की परत शिरतं. रक्त पोचत नसलेल्या त्या पेशींना सांध्यातल्या द्रवातून अन्न मिळायला या ये-जा करण्याची मोठी मदत होते.

नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. त्यामागचं एक कारण अलीकडे फार सुंदर रीतीनं उलगडलं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरला. तो अन्नातून शरीरात येतो, म्हणून धाग्यात तो किती आहे यावरून धागा कधी विणला गेला ते कळतं. २०१६ मध्ये संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनमध्ये तो मोजला, तेव्हा मोठ्या माणसांतही त्यांच्या लहानपणच्या, कुमारवयातल्या हवेचाच कार्बन सापडला. साठीतला माणूस जिना चढतो, तो शाळेत असताना विणल्या गेलेल्या धाग्यांवर.