खारं वारं, लाल माती आणि जुनी जिप्सी

[चासीखालून शॉट. पंपाचं पाणी. आवाज थोडा वेळ तसाच राहू द्या.]

गाडीखालून हे जे लाल पाणी पडतंय त्यात जांभ्याची माती आहे आणि मीठ आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू, सगळं खातं ते. दुपारी खारं वारं सुटलं की पत्र्यावर मिठाचा थर बसतो, रात्री दव पडलं की तो ओला होतो, आणि गंज चढायला तेवढं पुरतं. त्यात लाल माती चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळीत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते, म्हणजे बाहेरून गाडी चकाचक कोरडी आणि आतून पत्रा सडतोय.

हातातला पंप आंब्याच्या फवारणीचा आहे. औषधाचं पिंप बाजूला, पाईप सरळ विहिरीच्या गोड्या पाण्यात, आणि नोझल थेट चासीला असलेल्या या छोट्या भोकात. ही भोकं पाणी निघून जायला ठेवलेली असतात पण मातीने बुजतात. मिस्त्रीकाका आधी तार घालून ती मोकळी करतात, मग पाणी मारतात, आणि पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत हलत नाहीत. घाई केली तर म्हणतात, "आधी पाणी मारू दे, काय तुटलंय ते मग बघू."

चिपळूणचं हे गॅरेज. गाडी मारुतीची जिप्सी. 1985 साली आली ही गाडी आपल्याकडे, जपानच्या सुझुकीच्या छोट्या जीपवरून बनवलेली, आणि 2019 च्या आसपास नवीन मिळायची बंद झाली. वजन एक टनाच्या आसपास, पुढे मागे दोन्हीकडे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि या जुन्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटर नावाला नाही. म्हणून पान्ह्यांचा एक संच आणि ग्रीस गन असली की रस्त्याच्या कडेलाही बरंच काही करता येतं. आम्हाला ही गाडी आवडते ती याच्यासाठी. बिघडली की उघडून बघता येते, आणि उघडून बघणारी माणसं अजून गावोगावच्या गॅरेजमध्ये आहेत.

[ग्रीस गनचा क्लोजअप]

हे बघा. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा सांधा. निप्पलवर गन लावली, दाब दिला, आणि चारही टोकांतून आधी काळं ग्रीस बाहेर येतंय, मग तपकिरी, मग नवं. नवं दिसेपर्यंत दाबायचं. एका टोकातून आलंच नाही तर तिथली वाट बुजलीये, ते टोक आत कोरडं फिरतंय, आणि क्रॉस तिथूनच जातो. हे काम पाच मिनिटांचं आहे पण मिस्त्रीकाका त्याला अर्धा तास देतात, प्रत्येक टोक कापडाने पुसून परत बघतात.

मग डिफरन्शियलचं, म्हणजे ऍक्सलच्या मधल्या गियरच्या डब्याचं, ऑईल. खालचा बोल्ट सोडला की धार कशी पडते ते बघा, सोनेरी आणि पारदर्शक म्हणजे ठीक. दुधाच्या चहासारखं आलं तर आत पाणी गेलंय. ते जातं कसं तर, गाडी दोन तास चालून हौसिंग तापलेलं असतं, तशीच पाण्यात घातली की ते एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेते. म्हणून इथे ब्रीदरला हा रबरी पाईप जोडून पार मागच्या लाईटपर्यंत वर नेलाय. खर्च एका पाईपचा आणि दोन क्लिपांचा.

पाटे ऍक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट आवळले, शॅकलची, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीची, रबरी बुशं बघितली, मागची उजवी जरा सैल वाटली पण चालेल असं ठरलं. हे सगळं केलं नाही तर काय होतं? 15 वर्षं झाली की गाडीचं पासिंग नव्याने करावं लागतं, पुढे दर 5 वर्षांनी, आणि तिथे चासी सडलेली निघाली की विषय संपला. पुढे जाऊ.

[सामान भरताना]

आता निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्गपर्यंत, वाटेत मुक्काम करत. जड सामान खाली आणि मागच्या ऍक्सलच्या पुढे, टपावर फक्त तंबू आणि ताडपत्री. जिप्सी अरुंद आणि उंच, टपावर वजन टाकलं की वळणावर कलते. पाण्याचे कॅन, फावडं, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, रुतलेली गाडी ओढायला टोचनपट्टा, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, छोटी शेगडी. खायला तांदूळ, कुळथाची पिठी, सुकट, कांदे. बाकी वाटेत मिळतं.

चिपळूणहून गुहागर, मग पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळची जेटी. फेरीबोटीत गाडी चढतानाचा हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. ओहोटी आहे, रॅम्पचं खालचं टोक ओलं आहे, शेवाळ धरलंय, आणि चाकं खाऱ्या पाण्यातूनच वर येतायत. पलीकडे जयगड. शास्त्री नदीचं मुख ओलांडून आपण उतरतो, आणि उतरल्यावर पहिलं काम म्हणजे गोडं पाणी शोधून चाकांच्या आतल्या बाजूला दोन बादल्या मारायच्या. एका काकूंनी अंगणातली नळी दिली, वर कोकमाचं सरबत दिलं.

पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे वारे, रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस, आणि मग गावखडी.

[वरून दिसणारा किनारा]

इथे गाडी वर थांबलीये, रस्त्यावर. खाली वाळू मोकळी आहे, लांबलचक आहे, उतरायला वाट पण दिसतेय. उतरायचं नाही. या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि मग गावोगावची माणसं त्यात उतरली, पहाटे उठून घरटी शोधणारी, अंडी कुंपणात नेऊन जपणारी. टायर फिरला की वाळू दबते, आणि चाकोरीत पडलेलं बोटभर पिल्लू बाहेर येत नाही. शिवाय भरतीत रुतलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. फोर बाय फोर आहे म्हणून वाळूवर घालायची हा हट्ट सोडा, हात जोडून सांगतोय.

[सडा, संध्याकाळ]

आता हा कशेळीकडचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. इथे खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने लॉक करायचे, म्हणजे फोर व्हीलमध्ये पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. हा डायल. फ्री वरून लॉक वर. खडखडीत मुरमाची चढण आली की लो गियर, पाय ब्रेकवरून काढून इंजिनच्या जोरावर हळू. चढण संपली की लगेच परत टू व्हील, कारण फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा ऍक्सल एकमेकांना बांधलेले असतात, वळताना दोघांना वेगळं अंतर कापायचं असतं, आणि कोरड्या कातळावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गियरवर आणि आपण आत्ता ग्रीस केलेल्या त्या क्रॉसवर. टायरची हवा पण इथे फार कमी करत नाही, टायर बाजूने फुगतो आणि जांभ्याची धार नेमकी साईडवॉलला लागते.

आणि गाडी आधीच्या चाकोरीतूनच. सडा रिकामा वाटतो पण तसा नाहीये. ड्रोनच्या शॉटमध्ये जो हत्ती दिसतोय तो कातळात कोरलेला आहे, जवळपास 18 मीटर लांब, त्याच्या पोटात अजून कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यातली कितीतरी गावातल्या लोकांनी मातीचा थर काढून मोकळी केली, अजून कुठे कुठे गवताखाली असतील, आणि रेषा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या खोल.

मुक्काम शिल्पांपासून लांब, जमीनमालकाला विचारून. शेकोटी नाही. थंडीनंतर सड्यावरचं गवत वाळून कोरडंठक्क झालेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा थेट आंब्याकाजूच्या बागेत. शेगडीवर कुळथाचं पिठलं, भात, सुकटीची चटणी. तंबूची पाठ पूर्वेला, कारण रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटते.

[रात्र. इथे निवेदन नाही.]

सकाळी चहाच्या आधी गाडीखाली. यू बोल्टवर पाना, चाकांचे नट, ब्रेकचे पाईप, ऑईलचा थेंब कुठे पडलाय का ते बघायचं. दव पुसून काढायचं, विशेषतः दरवाज्याच्या खालच्या कडेचं. असाच क्रम रोज, पुढच्या मुक्कामी पण, जैतापूरच्या पुलावरून विजयदुर्गपर्यंत.

मागची उजवी शॅकलची बुशं मात्र आता वाजायला लागलीयेत, खड्ड्यात ऐकू येतं. चिपळूणला परतल्यावर आधी चासी धुवायची, मग ही बुशं काढायची. चिपळुणात मिळाली नाहीत तर कोल्हापूरहून मागवायची, आणि मिस्त्रीकाकांचं म्हणणं आहे की मागवायचीच आहेत तर चारही मागवा.