बेंबीतून रक्त: आधी तारीख विचारा

आजच्या व्याख्यानाचा विषय छापलाय, "बेंबीतून रक्त येणे: कारणे आणि उपचार". तो वाचल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघांनी शर्ट खाली ओढला. निश्चिंत राहा, आज तपासणी नाही.

कारणं आणि उपचार सांगणारच आहे. त्याआधी माझी एक जुनी तक्रार. तक्रार आमच्याच व्यवसायाबद्दल आहे. पोट तपासताना आमचे हात यकृतापासून मूत्राशयापर्यंत फिरतात, पण बेंबीला वळसा घालून. रुग्णही एरवी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मग एक दिवस कपड्याला लाल डाग दिसतो आणि थेट मलमाची ट्यूब हातात येते.

माझ्याकडे तिशीतल्या एक बाई आल्या. बेंबीत दुखरी, काळपट गाठ आणि अधूनमधून रक्त. जंतुसंसर्ग समजून त्यांना कोणीतरी मलम दिलं होतं. मलम लावलं की चार दिवसांत रक्त बंद. बाई खूश, डॉक्टरही खूश. काही दिवसांनी पुन्हा रक्त, पुन्हा मलम, पुन्हा चार दिवसांत गुण. मग दुसऱ्या डॉक्टरांनी मलम बदललं, तर त्याचाही गुण चारच दिवसांत! इतकं खात्रीचं औषध माझ्याकडे एकही नाही. मी एवढंच विचारलं, "तारखा सांगता येतील?" त्यांनी मोबाइल उघडून पाळीच्या तारखा दाखवल्या. बेंबीच्या वेगळ्या लिहिल्याच नव्हत्या, कारण त्या त्याच होत्या. म्हणाल्या, "मला शंका होती हो. पण बेंबी दाखवायला आल्यावर पाळीचं कसं काढायचं?"

हा एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बेंबीत रुजते आणि पाळीच्या दिवसांत तिथूनही रक्त येतं. व्हिलार नावाच्या डॉक्टरांनी १८८६ मध्ये अशा गाठीचं वर्णन केलं, म्हणून तिला आजही व्हिलारची गाठ म्हणतात. दुर्मीळ आहे, मान्य. पण तारीख विचारायला पैसे पडत नाहीत. कधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर व्रणात होते, कधी काहीच न करता. हॉर्मोनच्या गोळ्यांनी त्रास कमी होतो, पण पक्का उपाय म्हणजे गाठ पूर्ण काढणं आणि काढलेली गाठ तपासायला पाठवणं. त्या बाईंची काढली. मलम आपोआप सुटलं.

आता बेंबीच का? जन्माआधी तिथून रक्तवाहिन्या जात होत्या, मूत्राशयाकडून एक नळी येत होती आणि आतड्याकडूनही एक. जन्मानंतर सगळ्यांवर बूच बसतं. एखादं नीट बसत नाही, एखादं मोठेपणी सैल होतं. बेंबीतून लघवीसारखं पाणी किंवा शौचासारखा स्राव येत असेल, तर मलम लावत बसू नका, सर्जन गाठा.

आणखी एक, मग मूळ विषय. अमेरिकेतले सर्जन विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ रुग्णाचं पोट स्वच्छ करताना बेंबीत टणक गाठ लागली की सांगायच्या. अशा रुग्णांच्या पोटात पसरलेला कर्करोग निघायचा. मेयोंनी ते १९२८ मध्ये लिहिलं आणि १९४९ मध्ये इंग्लंडचे सर्जन हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला सिस्टरचं नाव दिलं. डॉक्टर बेंबीला वळसा घालत होते तेव्हा ही बाई ती पुसत होती. म्हणून टणक, न भरणारी, रक्त येणारी गाठ दिसली की तुकडा तपासायचा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतो.

सगळ्यात जास्त दिसतो तो जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग: ओल, वास, खाज, लाली, खरवडल्यावर रक्त. खोल बेंबी, घाम, लठ्ठपणा, मधुमेह असेल तर जास्त. साबण-पाण्यानं हलक्या हातानं धुवा, पूर्ण कोरडी करा. बुरशीला बुरशीचं मलम, जंतूंना अँटिबायोटिक, कोणतं ते डॉक्टर ठरवतील. वारंवार होत असेल तर साखर तपासा. कापसाची काडी आत फिरवू नका, रक्त तिनंच काढलेलं असतं बरेचदा.

आत काळा खडा दिसला तर तो मळ, तेलकटपणा आणि मृत त्वचेचा असतो. घरी उकरू नका, डॉक्टर मऊ करून चिमट्यानं काढतात. केसाळ तरुणांत केस आत रुतून पू होतो, तिथे केस काढावे लागतात, कधी छोटी शस्त्रक्रिया.

यकृत खराब असलेल्यांच्या बेंबीभोवती निळ्या शिरा फुगतात. त्यातली फुटली तर रक्त धो-धो जाऊ शकतं. आडवं करा, घट्ट दाबून धरा, तसंच रुग्णालयात न्या.

तान्ह्या बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत गळते, तेव्हा दोन-चार थेंब चालतात. स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबा. तरी थांबलं नाही तर रुग्णालयात, आणि जन्मताना रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के दिलं होतं का ते सांगा. भोवतीची लाली पसरतेय, ताप आहे, बाळ दूध ओढत नाही, तर सकाळची वाट बघू नका. ओली गुलाबी गाठ राहिली तर बहुधा ग्रॅन्युलोमा, म्हणजे जखम भरताना वाढलेलं जास्तीचं मांस, ते सुकवायला डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट लावतात.

मागून हात वर झालाय, पियर्सिंग ना? ते भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. पू झाला तर दागिना स्वतः काढू नका, भोक मिटून पू आतच कोंडतो. आधी दाखवा.